प्राण्यांचा अतिसंग्रह : दया, आजार आणि कायदा

भूतदया हा शब्द लहानपणापासून आपल्या कानावर पडत आला आहे. मुक्या जीवाला आपल्या घासातला घास द्यावा, दारात आलेल्या कुत्र्याला हाकलू नये, पावसात भिजणाऱ्या पिलाला आडोसा द्यावा, ही शिकवण घराघरांतून दिली जाते, आणि ती योग्यच आहे. परंतु हीच दया मोजमाप सोडून वाढत गेली तर काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. दोन मांजरांची वीस होतात, विसांची दोनशे होतात, आणि ज्या घरात जीव वाचवायला आणले त्याच घरात ते उपासाने व रोगाने मरू लागतात. दार उघडले की डोळ्यांना झोंबणारा वास येतो. शेजारी भांडतात, नातलग येणे सोडतात. तरीही घरातील व्यक्ती मनापासून म्हणत असते की, "माझ्याशिवाय यांना कोण आहे?"

हा प्रश्न परदेशातला आहे असे समजण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या हडपसर भागातील एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याची बातमी वृत्तपत्रांतून आली. रहिवाशांनी दुर्गंधीची आणि आवाजाची तक्रार केली होती, महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी पाहणी केली आणि मांजरे हलवण्याची नोटीस दिली गेली. त्या कुटुंबाविषयी निवाडा देणे हे आमचे काम नव्हे. मात्र अशा वेळी कायदा काय सांगतो, कोणत्या कचेरीने काय करावयाचे असते, आणि कायदा जिथे थांबतो तिथे समाजाने काय करावे, हे आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना माहीत असावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

साठेबाजी नव्हे, अतिसंग्रह

इंग्रजीत या प्रकाराला जो शब्द आहे त्याचे शब्दशः भाषांतर 'साठेबाजी' असे होईल. पण साठेबाजी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टंचाईत धान्य दडवणारा व्यापारी येतो. त्याला नफा हवा असतो. येथे बहुधा नफा नसतो. उलट पगार, पेन्शन, दागिने, सारे त्या प्राण्यांवर खर्च होऊन जाते. म्हणून आम्ही 'अतिसंग्रह' हा शब्द वापरत आहोत.

पुष्कळ प्राणी बाळगणे म्हणजे अतिसंग्रह नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. शंभर गाई नीट सांभाळणारा गोठा असू शकतो आणि आठ कुत्र्यांची उपासमार करणारे घरही असू शकते. तीन गोष्टी एकत्र आल्या की अतिसंग्रह होतो. प्राण्यांना किमान अन्न, स्वच्छता, जागा आणि औषधोपचार मिळत नाहीत, ही पहिली. त्यांची व स्वतःची दुर्दशा त्या व्यक्तीला दिसत नाही किंवा ती मान्य होत नाही, ही दुसरी. आणि अशा स्थितीतही नवे प्राणी येतच राहतात, ही तिसरी.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला. न्यूयॉर्क शहरातील अशा व्यक्तींविषयीचा पहिला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील टफ्ट्स विद्यापीठात पशुवैद्य डॉ. गॅरी पॅट्रोनेक यांच्या पुढाकाराने पशुवैद्यक, मानसशास्त्र, समाजकार्य अशा निरनिराळ्या शाखांच्या जाणकारांचा एक अभ्यासगट स्थापन झाला. डॉ. पॅट्रोनेक यांनी १९९९ साली ५४ प्रकरणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत ७६ टक्के स्त्रिया होत्या आणि ४६ टक्के व्यक्ती साठ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या होत्या. प्राण्यांच्या संख्येचा मध्यांक ३९ होता, आणि ८० टक्के प्रकरणांत प्राणी मेलेले किंवा अत्यंत वाईट स्थितीत आढळले. आकडे अमेरिकेचे असले तरी त्यांतून उभे राहणारे चित्र आपल्याला अनोळखी वाटू नये. एकटेपणा, म्हातारपण, कोणाचा तरी वियोग, आणि त्या पोकळीत आलेला मुका जीव, असे ते चित्र आहे.

अभ्यासकांनी अशा व्यक्तींचे तीन प्रकार मानले आहेत. पहिली व्यक्ती पूर्वी प्राणी नीट सांभाळत असते, परंतु आजारपण, नोकरी जाणे किंवा जोडीदाराचा मृत्यू यामुळे तिची शक्ती कमी पडू लागते. तिला अडचण थोडीफार कळते आणि ती मदत स्वीकारते. दुसरी व्यक्ती 'तारणहार' असते. आपल्याशिवाय प्राण्यांना कोणी वाचवू शकत नाही अशी तिची पक्की समजूत असते, आणि ती अधिकाऱ्यांना दारात उभे करीत नाही. तिसरी व्यक्ती प्राण्यांच्या नावावर पैसा किंवा मोठेपणा मिळवते आणि तिला प्राण्यांच्या दुःखाचे काही वाटत नाही. कायद्याने या तिघांना एकाच मापाने मोजले तर पहिलीवर अन्याय होतो आणि तिसरी सुटून जाते.

संख्या इतकी झपाट्याने कशी वाढते, हेही समजून घ्यावे. मांजरीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. सहा महिन्यांची मांजर, कधीकधी त्याहूनही लहान, गाभण राहू शकते आणि वर्षात दोन-तीन वेळा विते. म्हणजे निर्बीजीकरण केले नाही तर बाहेरून एकही मांजर न आणता घरातली संख्या दोन वर्षांत हाताबाहेर जाते. बंद खोलीत मलमूत्र साचून अमोनिया वायू होतो आणि माणसाच्या व प्राण्यांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना त्याचा त्रास होतो. पिसवा, गोचिडी, जंत, खरूज पसरतात. त्या घरात लहान मूल किंवा वृद्ध असेल तर हा प्रश्न केवळ प्राण्यांचा राहत नाही.

अमेरिकेतील स्थानिक नियम

अमेरिकेत प्राण्यांच्या छळासंबंधीचे मुख्य कायदे राज्याराज्यांचे असतात आणि त्यांच्या खाली प्रत्येक शहराचे वा नगराचे स्वतःचे नियम असतात. अतिसंग्रहाच्या तक्रारीत पहिली धाव या स्थानिक नियमांकडेच घेतली जाते. त्यांत कुत्र्याची नोंदणी, रेबीजची लस, दुर्गंधी व गोंगाट यांविषयीचे नियम, घर राहण्यायोग्य आहे की नाही याची तपासणी, आणि पुष्कळ ठिकाणी एका घरात किती प्राणी ठेवावेत याची संख्यामर्यादा असते.

संख्यामर्यादा अंमलात आणण्यास सोपी असते. अधिकारी दारात जाऊन मोजू शकतो. परंतु तिच्यात दोष आहेत. जो सहा कुत्री उत्तम सांभाळतो तो नियमभंग करणारा ठरतो, आणि जो तीन कुत्र्यांना उपाशी ठेवतो तो नियमात बसतो. पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका नगराने पाचांहून अधिक कुत्री-मांजरे ठेवण्यास मनाई केली होती. तो वाद न्यायालयात गेला. पाच या आकड्याचा लोकांच्या आरोग्याशी काय संबंध आहे हे नगराने दाखवले पाहिजे, अशी भूमिका तेथील वरिष्ठ न्यायालयाने १९९४ साली घेतली. इतरत्र काही न्यायालयांनी अशा मर्यादा उचलूनही धरल्या आहेत. तात्पर्य, केवळ आकडा हा कायद्याचा पुरेसा आधार नाही. प्राण्यांची स्थिती काय आहे हा खरा प्रश्न आहे.

राज्यांचे कायदे : इलिनॉय आणि हवाई

बहुतेक राज्यांत अतिसंग्रहाचा खटला साध्या क्रूरताविरोधी कायद्याखालीच भरला जातो. अन्न दिले नाही, पाणी दिले नाही, उपचार केले नाहीत, असे आरोप ठेवले जातात. यातील अडचण उघड आहे. क्रूरतेचा कायदा 'मारणारा' माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो. येथे माणूस मारणारा नसतो. आपण सांभाळ करीत आहोत असेच त्याला वाटत असते.

इलिनॉय राज्याने २००१ साली आपल्या प्राणीविषयक कायद्यात अतिसंग्रह करणाऱ्या व्यक्तीची व्याख्या घातली. तिच्यात चार अटी आहेत. व्यक्तीजवळ मोठ्या संख्येने पाळीव प्राणी असले पाहिजेत. अन्न, पाणी, निवारा व औषधोपचार ही कायद्याने ठरवलेली कर्तव्ये ती पार पाडत नसली पाहिजे, किंवा पार पाडण्यास असमर्थ असली पाहिजे. प्राणी अतिशय दाटीवाटीत ठेवलेले असले पाहिजेत. आणि या स्थितीचा प्राण्यांवर व स्वतःवर होणारा परिणाम तिला समजत नसला पाहिजे, किंवा समजूनही तिने त्याची बेपर्वाई केलेली असली पाहिजे. या व्याख्येत आकडा कोठेही नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

या व्याख्येने नवा गुन्हा निर्माण केला नाही. तिचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. क्रूरतेच्या कलमाखाली दोषी ठरलेली व्यक्ती या व्याख्येत बसत असेल, तर न्यायालयाने तिची मानसशास्त्रीय वा मनोविकारविषयक तपासणी करण्याचा आणि आवश्यक ते उपचार घेण्याचा आदेश दिलाच पाहिजे, असे बंधन कायद्यात आहे. इतर बऱ्याच आरोपींच्या बाबतीत हा न्यायालयाच्या मर्जीचा भाग आहे. येथे ते कर्तव्य आहे. शिक्षेला उपचाराची जोड कायद्यानेच दिली, हे इलिनॉयचे वैशिष्ट्य होय.

हवाई राज्याने २००८ साली दुसरा मार्ग घेतला. तेथे अतिसंग्रह हा स्वतंत्र गुन्हा ठरवण्यात आला. पंधरांहून अधिक कुत्री वा मांजरे बाळगणे, त्यांना आवश्यक पोषण न देणे, आणि त्यातून उद्भवलेली अपायकारक स्थिती न सुधारणे, या गोष्टी एकत्र आल्या तर गुन्हा होत असे. म्हणजे आकडा होता, पण एकटा नव्हता. संख्या आणि दुर्दशा या दोन्ही सिद्ध कराव्या लागत.

खर्चाची बाजूही कायद्याला पाहावी लागते. शंभर आजारी प्राणी जप्त केले तर खटला चालेपर्यंत त्यांना खायला कोण घालणार? यासाठी इलिनॉयसह अनेक राज्यांत अशी तरतूद आहे की मालकाने सांभाळाच्या खर्चापोटी न्यायालयात रक्कम भरावी, नाहीतर प्राण्यांवरील हक्क सोडावा. त्यामुळे प्राणी वर्षानुवर्षे 'मुद्देमाल' म्हणून पिंजऱ्यात पडून राहत नाहीत.

आपल्याकडील कायदा

आता आपल्या देशाकडे वळू. 'प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध' हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारात आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत हाच विषय नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोग्या कामांतही नमूद आहे. कलम ५१-क (छ) प्रमाणे सजीवांविषयी दया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

प्रत्यक्षात मुख्य आधार आहे तो १९६० च्या केंद्रीय कायद्याचा, म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचा. त्यात अतिसंग्रह हा शब्द कोठेही नाही. तरीही काही कलमे नेमकी लागू पडतात.

कलम ३ प्रमाणे प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुस्थितीची वाजवी काळजी घेतली पाहिजे. 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे अशी व्यक्तीही येते. त्यामुळे "ही माझी नाहीत, रस्त्यावरची आहेत, मी फक्त आसरा दिला" असे सांगून जबाबदारी टळत नाही. कलम ११ (१) मध्ये हालचाल करता येणार नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे, सतत बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे, आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, हे गुन्हे सांगितले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जल्लिकट्टू व बैलगाडी शर्यतींच्या प्रकरणात या दोन कलमांचा अर्थ लावताना प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. भूक-तहान, अस्वस्थता, दुखापत व रोग, आणि भीती व क्लेश यांपासून मुक्तता, तसेच नैसर्गिक वर्तनाची मोकळीक, अशी ती पाच आहेत. कोणत्याही घरातील प्राण्यांची स्थिती पाहताना हे पाच प्रश्न विचारावेत. आकड्यापेक्षा ते अधिक खरे उत्तर देतात.

कायद्याचे दुबळेपण कोठे आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान १० रुपये आणि कमाल ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात एका मांजराचे दोन दिवसांचे खाणेही होत नाही. दुसरे असे की अन्न-निवारा न देण्याचा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात नोंद होते, परंतु दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तिसरे म्हणजे, गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. "बघू, पुढच्या सभेत विषय घेऊ" असे म्हणत बसले तर मुदत निघून जाते.

तरीही या कायद्यात काही तरतुदी उपयोगी आहेत आणि त्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. कलम २९ प्रमाणे दोषी व्यक्तीकडून प्राण्याची मालकी काढून घेता येते, आणि ठराविक काळ किंवा कायमचे कोणताही प्राणी बाळगण्यास न्यायालय मनाई करू शकते. मात्र अशा आदेशाची मागणी करणार असल्याचे मूळ तक्रारीत लिहिलेले असावे लागते. कलम ३५ प्रमाणे दंडाधिकारी आजारी प्राण्याला उपचारासाठी पशुरुग्णालयात किंवा पांजरपोळात पाठवू शकतात. जप्त केलेल्या प्राण्यांच्या सांभाळाचा खर्च मालकाकडून घेण्यासंबंधीचे नियम २०१७ साली झाले. अमेरिकेतील रक्कम भरण्याच्या तरतुदीशी त्यांचे साम्य आहे.

महापालिका, दंडाधिकारी आणि गृहनिर्माण संस्था

आपल्याकडेही तक्रार प्रथम स्थानिक पातळीवरच जाते. मुंबई, पुणे यांसारख्या महापालिका कुत्र्यांसाठी परवाना देतात. दुर्गंधी, घाण आणि रोगराई यांविषयी आरोग्य विभागाला नोटीस देता येते. त्याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील हे कलम १३३ होय.

गृहनिर्माण संस्थांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. सभासदाने पाळीव कुत्रा ठेवूच नये असा सरसकट ठराव संस्थेला करता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. संस्थेने स्वच्छता, आवाज आणि सामाईक जागेचा वापर यांविषयी वाजवी नियम करावेत. परंतु अतिसंग्रहाचे निमित्त करून साध्या प्राणीपालकाला त्रास देणे हे बेकायदा तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे.

आता सर्वांत मोठ्या धोक्याकडे लक्ष वेधतो. समजा, एखाद्या वसाहतीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंकडे साठ मांजरे आहेत आणि त्यांना "दोन दिवसांत मांजरे हलवा" अशी नोटीस मिळाली. त्या साठ मांजरांना कोठे नेणार? शहरातील प्राणी-आश्रयस्थाने बहुधा भरलेलीच असतात. मग रात्रीच्या वेळी पोत्यांतून मांजरे बाजाराजवळ, नाल्याजवळ सोडली जातात. पण वाजवी कारणाशिवाय प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या त्याच कायद्याखाली, कलम ११ (१) मध्येच, गुन्हा आहे. म्हणजे स्थानिक आदेश पाळताना केंद्रीय कायदा मोडला जातो, मांजरे मरतात, आणि सहा महिन्यांनी त्या बाईंच्या घरात पुन्हा मांजरे दिसू लागतात. कारण घर रिकामे झाले, पण मनातली पोकळी तशीच राहिली.

कायद्याच्या साखळीतील तुटलेली कडी

इलिनॉयच्या कायद्याचा धडा येथे उपयोगी पडतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या रोगनिदान-पुस्तिकेत वस्तूंच्या अतिसंग्रहाला स्वतंत्र विकार मानले आहे, आणि प्राण्यांचा अतिसंग्रह हे त्याचेच एक विशेष रूप म्हणून नोंदवले आहे. म्हणजे ही खोड नव्हे, हट्ट नव्हे, अनेकदा तो आजार असतो. आपल्या १९६० च्या कायद्यात अशा आरोपीची मानसिक तपासणी करण्याचे बंधन नाही. दुसरीकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा प्रत्येक व्यक्तीला हक्क आहे. एका कायद्याने जप्ती होते, दुसऱ्याने उपचाराचा हक्क मिळतो, परंतु या दोहोंना जोडणारी कडी नाही. पशुवैद्य येतो आणि जातो. मनाचा वैद्य येतच नाही.

आमच्या मते दुरुस्ती व्हायची असेल तर ती तीन ठिकाणी व्हावी. केंद्राच्या वा राज्याच्या कायद्यात अतिसंग्रहाची व्याख्या आकड्यावर नव्हे तर स्थितीवर आधारलेली असावी. दोषी व्यक्तीची मानसिक तपासणी व उपचार बंधनकारक असावेत. आणि महापालिकेच्या नोटिशीत केवळ "हलवा" असे न लिहिता कोठे हलवायचे, निर्बीजीकरण व लसीकरण कोण करणार, किती प्राणी त्या व्यक्तीजवळ राहू द्यायचे आणि पुढील वर्षभर देखरेख कोणाची, हे लिहिलेले असावे. एक-दोन निर्बीजीकरण केलेले प्राणी जवळ राहू दिले तर ती व्यक्ती सहकार्य करण्याचा संभव वाढतो. सर्वच ओढून नेले तर ती दार कायमचे बंद करते.

आपण काय करावे

कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. आपल्या वस्तीत असे घर दिसले तर पुढील क्रम ठेवावा, असे आम्ही सुचवतो.

पहिले, एकट्याने किंवा घोळक्याने जाऊन भांडू नये. त्या व्यक्तीच्या विश्वासातील एखादी मावशी, काका किंवा शेजारीण पुढे करावी. "घाण झाली आहे" असे न म्हणता "तुमची तब्येत कशी आहे, मांजरांना लस द्यायची आहे का" असे विचारावे.

दुसरे, तारीख घालून लेखी टिपण ठेवावे. काय दिसले, कसला वास आला, किती प्राणी आजारी वाटले, हे लिहावे. तीन महिन्यांची मुदत ध्यानात ठेवावी. त्या व्यक्तीची छायाचित्रे काढून मोबाईलवर गावभर पाठवू नयेत. त्याने अब्रू जाते आणि उपाय काहीच होत नाही.

तिसरे, अर्ज एकाच कचेरीत न देता महापालिकेचा पशुवैद्यकीय विभाग, आरोग्य विभाग, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आणि पोलीस ठाणे यांना एकाच वेळी द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात केवळ हटवण्याची नव्हे, तर निर्बीजीकरण, उपचार व टप्प्याटप्प्याने पुनर्वसन यांची मागणी करावी.

चौथे, मानसिक आरोग्याची बाजू विसरू नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल तर ते प्रथम सांगावे.

पाचवे, जे प्राणी बाहेर काढले जातील त्यांतील एखादा नीट पाळण्याची ज्याची ऐपत व जागा आहे, त्याने तो घ्यावा. ज्याची नाही त्याने घेऊ नये. न झेपणारी दया हीच या सर्व प्रश्नाची सुरुवात असते.

विद्यार्थी मित्रांना एक वेगळे काम सांगावेसे वाटते. आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत निर्बीजीकरणाची सोय आहे का, जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आहे का आणि तिची सभा होते का, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. दहा रुपयांचा अर्ज पुरतो. मिळालेले उत्तर संस्थेच्या फलकावर लावावे.

माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी, दोघांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. दोघांचा उल्लेख एकाच लेखात आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपण प्रज्ञा, शील, करुणा ही नावे नेहमी एकत्र घेतो. अतिसंग्रहाच्या घरात करुणा असते, पण तिच्या जोडीला प्रज्ञा नसते. आणि केवळ नोटीस बजावणाऱ्या कचेरीत नियम असतो, पण करुणा नसते. त्या घरातील मांजराला जसा पशुवैद्य हवा, तसा त्या घरातील माणसालाही कोणी तरी हवा. अशा घराचे दार ठोठावायला आपल्या संस्थेतील दोघे जण तयार झाले, तरी हा लेख लिहिल्याचे आम्हास समाधान वाटेल.